करवलीचं जाकीट

भक्ती उंबऱ्याबाहेर आली, मांडवाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि एक पाय उन्हात टाकून थांबली.

"बाबा, माझी सावली कुठं गेली?"

"पायाखाली हाय बघ," बन्सीधर म्हणाला. "भर दुपारी तशीच ऱ्हाती ती."

भक्ती खाली वाकून बघत राहिली. वैशाखातली दुपार तिने आजवर कधी बाहेरून पाहिलीच नव्हती. तिला जन्मापासून घाम येत नसे. ऊन चढलं की अंग तव्यासारखं तापायचं, म्हणून उन्हाळाभर ती मधल्या खोलीत ओली चादर पांघरून बसायची. ताडकळस गावातली लग्नं तिच्या नुसती कानावर पडायची. आज मात्र सख्ख्या बहिणीचं, दिपालीचं लग्न होतं, आणि भक्ती करवली होती.

पोलक्यावर तिने बिनबाह्यांचं निळं जाकीट घातलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बन्सीधरने कुरिअरने मागवलं होतं. त्यात ना बॅटरी ना पंखा. पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि घालायचं. मग बाहेरचा कोरडा वारा जितका झोंबेल तितकं ते आतून गार. साऱ्या गावाला भाजून काढणारी झळ याच पोरीला तेवढी थंडावा देत होती. बन्सीधरने काल स्वतः घालून पाहिलं होतं, तरी त्याला ते खरं वाटत नव्हतं.

त्याची थोरली बहीण केवळाबाई आली. "पोरीला घरातच ठिवा, मांडवात चक्कर येऊन पडली तर केवढ्याला पडंल," असं ती आठवडाभर सांगत होती. आता तिने भक्तीच्या पाठीला हात लावला आणि लावलेला हात काढलाच नाही.

"आगं बया, माठच की गं ह्यो!"

मग सगळ्या बायका रांगेने माठाला हात लावून गेल्या.

पण वऱ्हाड वेळेवर आलं तर ते वऱ्हाड कसलं! नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला गेला होता आणि डीजेपुढे नाचणारे त्याला पुढे सरकू देत नव्हते. भक्तीचं जाकीट हळूहळू वाळत आलं. ते पुन्हा भिजवायला बन्सीधरने खांबाशी बादली भरून ठेवली होती. नाचून नाचून लाल झालेली वऱ्हाडी पोरं एकदाची मांडवात शिरली, त्यांना ती बादली दिसली आणि त्यांनी ती हसत हसत एकमेकांच्या डोक्यावर रिकामी केली. त्यांना तरी काय ठाऊक?

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. सविता, पोरींची आई, रिवाजाप्रमाणे घरात तुळशीपुढे बसली होती. बन्सीधरला रिकामी बादली दिसली. पाण्याचे जार मांडवाच्या पार पलीकडे होते आणि मधे सगळं गाव उभं होतं. तो माणसं सारत निघाला.

नवरीच्या पाठीशी भक्ती उभी होती. एका हातात पाण्याने भरलेला कऱ्हा, त्यावर आंब्याची पानं आणि नारळ. दुसरा हात दिपालीच्या पाठीवर. तो हात शालूतूनही दिपालीला गरम लागला. तिने मान वळवली.

"भक्ते, आंग तापलंय का गं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हनलं ना." भक्तीचे ओठ सुकले होते, तोंड लालबुंद झालं होतं. "मला घरात नको ना धाडूस, ताई."

दिपाली सरळ मागे फिरली. अंतरपाटाकडे पाठ करणारी नवरी ताडकळसाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिने कऱ्ह्यावरचा नारळ उचलून भक्तीच्या हातात दिला, पानं काढली आणि कऱ्हा बहिणीच्या खांद्यावर उपडा केला.

मंगलाष्टकं म्हणणारे माईक हातात धरून तसेच थांबले.

"आगं आगं!" केवळाबाई ओरडली. "करवलीचा कऱ्हा हाय त्यो! भरल्या मांडवात रिता करतेत व्हय?"

"आत्या," दिपाली म्हणाली, "करवलीच न्हाई ऱ्हायली, तर कऱ्हा धरायचा कुनी?"

पाणी भक्तीच्या पाठीवरून खाली उतरलं. तेवढ्यात मांडवातून गरम वाऱ्याची एक झुळूक गेली. माणसांनी तोंडावर उपरणी घेतली, बायकांनी पदर ओढले. भक्तीने डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

"आलं गं ताई. गार आलं."

एवढ्या माणसांत त्या क्षणी ती एकटीच सुखी होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. बन्सीधर अजून गर्दीतच अडकला होता. पण जार त्याच्याआधी निघाला, हातोहात, डोक्यांवरून. अंतरपाटामागून नवरदेवाने मान बाहेर काढून विचारलं, "अजून एक लागंल का?" जार घेतला तो केवळाबाईने. तिने आधी भक्तीचं जाकीट भिजवलं, मग कऱ्हा भरला, पानं लावली, वर नारळ ठेवला आणि माईककडे बघून म्हणाली, "हां, म्हना आता."

शेवटचं 'सावधान' झालं. रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता चहूबाजूंनी उडाल्या. नवरा-नवरीच्या अंगावरून त्या घरंगळून खाली पडल्या. भक्तीच्या ओल्या जाकिटावर पडल्या त्या मात्र चिकटून राहिल्या. लाल, पिवळे दाणे, खांद्यांवर, पाठीवर, छातीवर. बघता बघता निळं कापड दिसेनासं झालं.

बन्सीधर एकदाचा पोचला. त्याने घाईने हात पुढे केला.

"झाडू का पोरी? वारा लागू दे आंगाला."

केवळाबाईने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं बन्सीधर, थोडा येळ. लय लग्नाच्या अक्षता चुकल्यात तिच्या."