आईच्या नावावर

पूर्वाचा फोन लॉकरमध्ये होता आणि जीव फोनमध्ये. खराडीच्या त्या कंपनीत अमेरिकेतल्या पेशंटांच्या फाइली उघडायच्या, म्हणून फोन आत न्यायला बंदी. बाळंतपणाची रजा नुकतीच संपलेली. आज पुन्हा सुट्टी मागायला तोंड नव्हतं.

तिकडे सदाशिव पेठेत नवरा धम्मदीप आणि सासूबाई बाळाला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. जन्मताना प्रज्ञेशचा खांदा अडकला, ओढून काढताना नस दुखावली आणि डावा हात लुळा पडला. आजही त्यानं हात हलवला नाही तर ऑपरेशन करावं लागणार होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. बाळाच्या हाताचा व्यायाम त्याच करून घ्यायच्या. पण बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगायच्या, "ऐन वेळी हिनं जोर लावला नाही." ऐकून ऐकून पूर्वालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. समोर एका बाईच्या बाळंतपणाची फाइल होती. तिच्याही बाळाचा खांदा अडकलेला, तोच हात. पूर्वानं भराभर कोड लावले आणि फाइल पुढे ढकलली.

थोड्या वेळानं, फाइली तपासणारे दिगंबर सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, रजा संपली म्हणे तुमची." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "लुळ्या हाताचा कोड आईच्या फाइलवर? नव्या पोरांना तुम्हीच शिकवायचात ना? आईची फाइल वेगळी, बाळाची वेगळी. बाळाला झालेलं आईच्या नावावर चढवायचं नाही."

पूर्वा स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनं सरांना तेच पुन्हा सांगायची विनंती केली. ती चेष्टा करते आहे असं वाटून सर चिडून निघून गेले.

तो कोड खोडून ती लॉकरकडे पळाली. धम्मदीपनं लगेच फोन उचलला. कोपर थोडं वाकतंय, म्हणाला, पण खांद्यातून हात अजून उचलत नाही; डॉक्टर आणखी महिनाभर वाट बघू म्हणतात. पूर्वाला धड रडूही येईना. मागे सासूबाई शेजारी बसलेल्या कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या. शब्द कळत नव्हते, पण ते तिला पाठ होते.

"फोन आईंना दे," ती म्हणाली.

सासूबाई फोनवर आल्या.

"आई, त्याच्या हाताचं माझ्या नावावर चढवू नका."

सासूबाई नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाल्या, "मग कुणाच्या चढवू गं?"