ताईंच्या कानापर्यंत

तिसऱ्यांदाही धून रखडत रखडत मधेच थांबली.

सुतारानं क्लॅरिनेट ओठांपासून काढला आणि रंध्याला टेकवून उभ्या केलेल्या फोनकडे पाहिलं. फोनवर तीन चौकटी होत्या. एकीत तो स्वतः, मागे उभ्या लावलेल्या फळ्या. दुसरीत त्याची मुलगी, दूरच्या शहरात आपल्या घरी, मांडीवर आईचा अ‍ॅकॉर्डियन घेऊन. तिसरीत हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलेल्या ताई, त्याच्या बायकोची थोरली बहीण.

ताईंचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं. बहीण गेल्यापासून तिनं बसवलेली धून त्यांच्या कानावर आली नव्हती. ऑपरेशनआधी त्यांना ती या दोघांकडून ऐकायची होती. सहा वाजता नर्स फोन ठेवायला लावणार होती आणि आता पाच वीस झाले होते.

"काय हो भाऊजी," ताई म्हणाल्या, "निघता तर झोकात. मग काय चढ लागतो की काय दोघांना?"

"ही हळू जाते," सुतार म्हणाला.

"मी? बाबा, तुम्ही मागे पडता म्हणून मी थांबते."

"आणि मी तुझ्यासाठी थांबतो."

मुलीच्या मागून जावई डोकावला. नेटवर्क जोडून देणं हे त्याचं रोजचं काम. "दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "बाबा, तुमचा आवाज इकडे पोचायला थोडा वेळ लागतो. हिला वाटतं, तुम्ही मागे पडलात. ही थांबते. ते तुम्हाला आणखी उशिरा कळतं, मग तुम्ही थांबता. कुणीतरी एकानं दुसऱ्याकडे लक्ष न देता पुढे जायला हवं. एरवी पुढे कोण असायचं?"

मुलीनं अ‍ॅकॉर्डियनचा भाता मिटला.

"माझी बहीण," ताई म्हणाल्या. "हे दोघं तिच्या मागून. वाजवतानाच नव्हे, बाजारातसुद्धा."

"मग असं करू," जावई घाईनं म्हणाला, "वेगवेगळं रेकॉर्ड करा. मी जोडून देतो."

"ते डिंकानं चिकटवणं झालं," सुतार म्हणाला. "त्याला सांधा म्हणत नाहीत."

"आणि मला कॅसेट नको. वाजवताना तोंडं दिसायला हवीत. भाऊजींचे गाल फुगतात ते बघायचेत मला."

जावयानं डोकं खाजवलं. "मग एकच मार्ग आहे. दोघांनीही एकमेकांचा आवाज बंद करायचा. मोबाइलचं घड्याळ दोन्हीकडे सारखंच असतं. त्यावरचे सेकंद बघून वाजवा, एका सेकंदाला एक मात्रा. पाच चाळीसच्या ठोक्याला सुरू. दोन्ही आवाज मावशींकडे साधारण सारख्याच उशिरानं पोचतील. त्यांना एकत्र ऐकू येईल."

"आणि आम्हाला?" सुतारानं विचारलं.

"तुम्हाला फक्त स्वतःचं."

सुतारानं सदऱ्याच्या टोकानं क्लॅरिनेटचं तोंड पुसलं. अ‍ॅकॉर्डियन घरातून गेल्याला अकरा महिने झाले होते. आज तो ऐकायला मिळणार म्हणून त्यानं दुपारीच करवत बंद केली होती, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगितलं होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "दुसऱ्या भागाआधी आई थांबायची, त्या जागेचं काय करायचं?"

"तिथं चार सेकंद मोजा," जावई म्हणाला.

"ती मोजायची नाही," सुतार म्हणाला.

"आज मोजा, बाबा," जावई म्हणाला.

त्यानं जुना मोबाइल काढला, त्यावरचं घड्याळ लावून शेजारी ठेवला. मग मोठ्या फोनचा आवाज कमी करत शून्यावर आणला. मुलीचे ओठ हलत राहिले. ताई हातानं 'चला' म्हणत होत्या.

पाच चाळीसला तो निघाला. सेकंदाला एक मात्रा. कारखान्यात त्याचा एकट्याचाच सूर होता, आणि तो फार बारीक वाटत होता. समोर मुलीच्या हातात भाता उघडत होता, मिटत होता, पण बोटं आणि त्याचा सूर यांचा मेळ लागेना, म्हणून त्यानं तिकडे बघणं सोडलं. तो फक्त आकड्यांकडे बघत राहिला.

थांबायची जागा आली. त्यानं डोळे मिटले. पुढं निघावंसं वाटलं तेव्हा निघाला. डोळे उघडले तेव्हा घड्याळात कितवा सेकंद होता हे त्याला कळलं नाही. मग तो शेवटपर्यंत तसाच वाजवत गेला.

ताई काहीतरी बोलत होत्या. त्यानं आवाज वाढवला.

"...कळलं का भाऊजी?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, एकत्र होतं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही."

"आणि थांबलो तिथं?"

"तिथूनही एकदमच निघालात."

"बघा!" जावई म्हणाला. "चार मोजले ना दोघांनी?"

"मी घड्याळाकडे बघितलंच नाही," मुलगी म्हणाली.

 सुतारानं विचारलं, "ताई, कसं वाटत होतं? दोन्ही मिळून?"

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "ते कसं सांगू? तुम्ही ऐकायला हवं होतं."

"बऱ्या होऊन घरी या. पुढच्या खेपेला मी तुमच्याकडेच येतो. शेजारी बसून ऐकतो."

मुलगी हसली. "बाबा, मग तिथून वाजवणार कोण?"

त्यालाही हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. ताईंनी दाराकडे पाहिलं. नर्स अजून आली नव्हती.

"दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "परत वाजवा."

मुलीनं अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर सारखा केला. भाता जरासा उघडला आणि एक सूर निघाला, नुसता, बोट चुकून पडल्यासारखा. सुतार तो विरेपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं फोनचा आवाज शून्यावर नेला.