चाळिसाव्या दिवसाचं दान

"कोबीच्या पानांतले सार्माले निवायच्या आत काय ते ठरव," झेनोविया मावशीनं बजावलं. "गिऱ्हाईक जेवणं झाली की येतंय."

गिऱ्हाईक फ्लॅटचं होतं. फ्लॅट स्मारांदाच्या आईचा, आग्लायाचा. आग्लायाला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते आणि तिच्याच टेबलाभोवती तिच्या नावानं पंगत बसली होती. रोमेनियातल्या फोक्शानी गावात अशा जेवणाला माणसांना भूकही चांगली लागते आणि सल्लेही भरपूर सुचतात.

स्मारांदाला इतिहासाच्या एम.ए.साठी दोन विद्यापीठांनी घेतलं होतं. देशातलंच क्लुजचं विद्यापीठ फी माफ करत होतं, वसतिगृहात खोली देत होतं, वर दरमहा विद्यावेतन. इंग्लंडमधलं सातशे वर्षांचं विद्यापीठ मनःपूर्वक अभिनंदन करत होतं. अभिनंदनाला खर्च येत नाही. बाकी सगळ्याला येत होता, आणि तो या दोन खोल्यांच्या किमतीएवढा होता. उत्तर आजच कळवायचं होतं.

त्यातून स्मारांदाचा विषय ट्रान्सिल्व्हानियातले जुने कारागीर-संघ. त्यांची दप्तरं क्लुजमध्ये. म्हणजे फ्लॅट विकून इंग्लंडला जायचं आणि तिथून क्लुजला पत्र टाकून कागदांच्या नकला मागवायच्या. अर्थात, त्या नकला सातशे वर्षांच्या छताखाली बसून वाचता आल्या असत्या. छतालाही काही किंमत असतेच.

"नाव आहे बाई त्या विद्यापीठाला!" मावशी म्हणाली.

"मग नावालाच सांग घरभाडं भरायला." मावशीच्या यजमानांनी, ऑरेलकाकांनी, रीतीप्रमाणे दारूचे दोन थेंब मृतासाठी जमिनीवर सांडले आणि उरलेला पेला स्वतःसाठी राखला.

"तुम्ही गप बसा हो. अगं, आग्लायानं अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. तिसऱ्या मजल्यावरचीला तर दोनदा! आता तू क्लुजला गेलीस तर ती जिन्यात गाठून मला काय म्हणेल?"

याहून क्षुल्लक कारणांवरून युद्धं झालेली स्मारांदानं वाचली होती.

"आणि ते जाऊ दे," मावशीचा आवाज उतरला. "शेवटची इच्छा होती तिची."

हे मात्र खरं होतं. फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर पगारपत्रकं लिहिणाऱ्या आग्लायानं दवाखान्यातल्या खाटेवर त्या विद्यापीठाच्या गावाचा नकाशा पाठ केला होता. स्टेशनवरून कुठली बस, ग्रंथालयाचं कुठलं दार गर्दीचं, कुठल्या खिडकीतून नदी दिसते. दम लागायचा, तरी सांगायची. स्मारांदा नुसती हं-हं करायची. त्या विद्यापीठाचे फोटो तिनं आजवर धड पाहिलेही नव्हते.

जेवण आटोपलं तशी मावशी दानाला उठली. मृताच्या नावानं जिवंत माणसाला जे द्यावं, ते पलीकडे मृताला मिळतं. मेणबत्ती लावलेल्या पावासकट वस्तू हातात द्यायची, घेणाऱ्यानं 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, की पोचली. मावशीनं बहिणीला काही कमी पडू दिलं नव्हतं. ताट, पेला, उशी, चादर, लोकरीचे मोजे. पलीकडच्या हवेचा भरवसा नाही म्हणून एक छत्रीही पाठवली.

टॉवेल इलिंकाच्या वाट्याला आला. इलिंका स्मारांदाच्या वर्गातली, टायरवाल्याची मुलगी. कायम दुसरी यायची, आणि आग्लाया ते कुणाला विसरू द्यायची नाही. तरी बिचारी फुलं घेऊन आली होती, मृतासाठी न्यायची तशी, सम संख्येत.

"तुझं काय झालं गं इंग्लंडचं?" स्मारांदानं विचारलं.

"काय होणार? प्रतीक्षा यादीत पहिली. तिथंही तुझ्याच मागे." इलिंका ओशाळून हसली. "बाबा म्हणतात, आपल्याकडे पैसे आहेत, जागा नाही. तुझं उलटं. तू जा गं खुशाल. मी आपलं सांगितलं."

स्मारांदानं फोन काढला, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. टेबलावरचा उरलेला पाव उचलला, त्यावर मेणबत्ती लावली.

"इलिंका, हात पुढे कर."

"अगं, मला मिळाला ना टॉवेल."

"ही इंग्लंडची जागा आहे. आत्ताच सोडली मी. आईच्या आत्म्यासाठी."

इलिंकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिनं पाव दोन्ही हातांत घेतला.

"बोग्दाप्रोस्ते," ती कशीबशी म्हणाली.

काकांचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. मावशी संतापून उठली. "अगं कार्टे, काय केलंस हे! तिच्या इच्छेची..."

"दिलेलं पोचतं ना, मावशी?"

नुकतीच छत्री पाठवलेल्या बाईला आता 'पोचत नाही' म्हणायची सोय नव्हती. ती मेणबत्तीकडे बघत सावकाश खाली बसली. तिचा हात तोंडावर गेला, डोळे भरून आले.

"अरे देवा," ती म्हणाली, "पण तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही गं!"