ऋजुताची भूक

ऋजुताची भूक आता तिच्या आईच्या, वैजयंताच्या पोटात होती. चौदाव्या वर्षीच पोरीचं वजन ब्याण्णव किलोवर गेलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघींच्या मानेत ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं. भूक लेकीची, पण कळ आईला. आणि लेक जेवली तरच ती शमायची.

वजन उतरलं, तरी ऋजुता थांबली नाही. महिनाभर ती जेमतेम दोन घास खात होती आणि कालपासून तर तिने खोलीचं दारच लावून घेतलं होतं. वैजयंता स्वतः कितीही जेवली, तरी पोटातली आग विझेना.

"खा गं बाई थोडं," दाराबाहेर थालीपीठ ठेवत तिने विनवलं. "तुझ्यापायी माझा जीव चाललाय."

"मला भूकच नाहीये, आई." आतून आवाज आला, अगदी बारीक.

दुसरं थालीपीठ तव्यावर असतानाच ती आग एकदम विझली.

"जेवली एकदाची!" वैजयंताला हसूच फुटलं. गरम थालीपीठ घेऊन ती लगबगीने खोलीकडे गेली.

दाराबाहेरच्या ताटलीला कुणी हातही लावला नव्हता. लोणी तेवढं वितळून पसरलं होतं.