गाढीचा हिवाळी गाळ

“हे आकडे मला घेता येणार नाहीत,” आलेखावर बोट ठेवून हान्स इंग्रजीत म्हणाला.

कमळाकरच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. हा डच पाहुणा जगभरच्या नद्यांच्या गाळाचे आकडे एका ठिकाणी जमवत होता. सगळ्या देशांनी ते एकमेकांना द्यायचे, असं ठरलं होतं. त्या गर्दीत पनवेलच्या गाढी नदीला कोण विचारतंय? पण कमळाकरने पत्रांवर पत्रं लिहून पाहुण्याला थेट घरापर्यंत आणलं होतं. आणि आता घोडं नेमकं इथं अडलं.

“हिवाळ्यात नदी नितळ असायला हवी. तुमच्या बाटल्यांत भरपूर गाळ! आणि अठ्ठ्याऐंशी सालापासून तो एकदम गायब. कारण सांगा, नाहीतर सगळीच वर्षं बाद.”

कमळाकरला वाईट वाटलं. नोकरीतली ती पहिली वर्षं! गाढीवर धुकं असायचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो बाटलीत पाण्याचे नमुने घ्यायला नदीत उतरायचा. बोटं बधिर व्हायची, तरी बाहेर यावंसं वाटायचं नाही. आता त्या काठावर विटांचे ट्रक उभे असतात. त्या सकाळी आठवल्या की त्याला अजून भरून यायचं, आणि हा बाबा म्हणतो, बाद!

“वरच्या बाजूला वाळू काढत होते? बंधारा झाला?” हान्स विचारत गेला. कमळाकर मान हलवून नाही म्हणत गेला. शेवटी तो खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

“काय म्हणतायत ते?” पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या वसुंधराने विचारलं. कमळाकरने बायकोला थोडक्यात सांगितलं. ती इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं.

“अहो, मग खरं काय ते सांगा ना! पाणी मधल्या धारेतून घ्यायचं सोडून रोज कुठे उभे राहायचात?”

त्याने पोह्यांची बशी पुढे ओढली. मग तिनेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून पाहुण्याला सांगितलं. प्रवाहात जरा वरच्या बाजूला दगडावर बसून ती काठची माती लावून पातेली घासायची. आणि खाली हे साहेब बाटली बुडवून तिच्याकडे बघत उभे!

हान्स खो खो हसला. पण शेवटी शास्त्रज्ञच तो.

“आणि अठ्ठ्याऐंशीत काय झालं?”

“लग्न,” वसुंधरा म्हणाली. “यांच्या घरी नळ होता.”