दिसलं, मॅडम

"द्या मॅडम, मी करून देतो," असं म्हणत विनोदने रूपा मॅडमच्या हातातलं पेन तिसऱ्यांदा काढून घेतलं.

रूपा मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारंजा लाडच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. आणि हा कालचा पोरगा त्यांच्या हातातलं पेन असं घेत होता, जसं बाळाच्या हातातून कात्री घ्यावी.

विनोद विद्यापीठाकडून आला होता. प्राध्यापकांना स्मार्ट बोर्ड शिकवायचा, त्यांचे धडे बोर्डावरच रेकॉर्ड करून घ्यायचे आणि कोणालाही फुकट पाहता येतील असे नेटवर ठेवायचे, हे त्याचं काम. रूपा मॅडमनी कपाशीवरच्या बोंडअळीचा धडा निवडला होता. अंडं, अळी, कोष, पतंग, सगळं स्वतःच्या हाताने काढायचं आणि स्वतःच्या आवाजात सांगायचं. आपल्या पोरांना आपल्या वावरातली अळी आपल्या बाईकडून कळावी, एवढी एकच हौस होती. पण विनोद संध्याकाळी परत जाणार होता. तोवर जमलं नाही, तर धडा तोच करणार होता. "नाव तुमचंच टाकू ना मॅडम," असं त्याने सांगूनही टाकलं होतं. जसं काही नावासाठीच अडलं होतं!

घोटाळा तळहाताचा होता. फळ्यावर चित्र काढताना हात टेकवायची रूपा मॅडमना जन्माची सवय. या बोर्डाला मात्र टेकलेला तळहात म्हणजे डस्टर वाटायचा. अळी काढावी, तर शेजारचं अंडं गायब. की विनोद आलाच धावत. पोरगा गुणी होता, मदत करायची त्याला भारी हौस. तीच तर पीडा होती.

चौथ्यांदा तळहात टेकणार, तेवढ्यात त्याने त्यांचं मनगट धरलं आणि हात बोर्डावरून अलगद उचलून बाजूला केला.

"हात नका लावू मॅडम. मी काढतो."

हात नका लावू. रूपा मॅडमच्या आईने, केशरबाईने, पाणवठ्यापासून किराणा दुकानापर्यंत हेच ऐकत जन्म काढला होता. विनोदच्या मनात तसलं काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण राग काय विचारून येतो?

"सोड हात!" त्या कडाडल्या. "सकाळपासून तूच करून राह्यला अन् मी पाहून राह्यली. नुसतं पाहून कोनी शिकते काय रे? पुसलं तर माह्यं पुसलं. मले चुकू दे!"

विनोदचं तोंड एवढंसं झालं. हात सोडून तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मग अळी दोनदा पुसली गेली. कोषाचा भोपळा झाला. शेवटी मनगट अधांतरी धरून त्यांनी पार पतंगापर्यंत सगळं काढलं आणि धडा रेकॉर्ड झाला. रेषा थरथरत होत्या. थरथरू देत. धडा त्यांचा होता.

त्या तोऱ्यातच, पण अजून धुमसत, त्या प्रॅक्टिकलला गेल्या.

प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची मुलं रांग लावून उभी होती. इथली रीत ठरलेली. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. मायक्रोस्कोप मॅडम काढणार, स्लाइड मॅडम लावणार, चाक फिरवून चित्रही मॅडमच स्पष्ट करणार. मग मुलांनी एकेक करून यायचं, हात पाठीमागे बांधायचे, डोळा लावायचा, "दिसलं, मॅडम" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. महागाची वस्तू. पोरांनी बिघडवली, तर कॉलेज दुसरी थोडीच देणार होतं? म्हणून दरवर्षी सगळ्यांना सगळं दिसत आलं होतं.

आज बोंडअळीच्या पतंगाचा पंख होता.

"दिसलं, मॅडम."

"दिसलं, मॅडम."

बादल आला. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून एसटीने येणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा. डोळा लावून तो वाकून राहिला तो राहिलाच. रांग खोळंबली.

"दिसलं का रे?"

"नाही, मॅडम."

मागे कोणीतरी खिदळलं. रूपा मॅडमनी त्याला सारून स्वतः पाहिलं. चित्र लख्ख होतं. मघाचा राग अजून नाकावर होताच.

"एवढं साफ तर दिसते! साऱ्यायले दिसलं, तुलेच काहून दिसत नाही?"

"ते तुमच्या डोळ्याले लावलेलं हाय मॅडम," बादल खालमानेने म्हणाला. "माह्या डोळ्याले लावून पाहू द्या."

आणि पाठीमागचा हात सोडवून त्याने चाकाला बोटं लावली.

"हात नको लावू! मी लावून देते!"

बादल मॅडमच्या हाताकडे पाहत होता, म्हणून त्यांनीही खाली पाहिलं.

त्यांनी बादलचं मनगट धरलं होतं, आणि त्याचा हात मायक्रोस्कोपवरून अलगद उचलून बाजूला केला होता.