पहिलं नाव

दुपारी दोनला रक्त तपासणी केंद्राचं शटर अर्धं खाली आलं, आणि धाकटीने खुर्चीवर चढून भिंतीवरचा राउटर काढला. झाकण नसलेला, तळहाताएवढा, स्वस्तातला बोर्ड. केंद्राचे सगळे रिपोर्ट याच्यातूनच डॉक्टरांकडे जायचे.

थोरल्या जाऊबाईंचा डबा उघडता उघडता राहिला. केंद्र त्यांचं, कॉम्प्युटरचं सगळं धाकटीकडे. चांगलं चाललेलं असताना हा उपद्व्याप कशाला, असं त्यांनी विचारलं.

धाकटीने समजावलं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. तो चालत होता जगभरच्या हौशी लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या सॉफ्टवेअरवर. त्यांचा एक रिवाज होता. नवी आवृत्ती कोणीतरी खऱ्या बोर्डावर चालवायची आणि ‘माझ्याकडे चालली’ असं नावानिशी लिहायचं. या बोर्डापुढे तीन आठवडे एकही नाव नव्हतं. आज चारपर्यंत आलं नाही, तर बोर्ड त्यांच्या यादीतून बाद. मग सॉफ्टवेअरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, आणि लोकांचे रिपोर्ट तसल्या बोर्डातून पाठवायला तिचं मन धजत नव्हतं.

“आणि तुझ्या हातून हाच बंद पडला तर?”

“तर आजचे बेचाळीस रिपोर्ट छापून हातोहात पोचवायचे. मी पोचवीन.”

“दुसऱ्या कोणाला तरी करू दे की.”

“ताई, तीन आठवडे मीही हेच म्हणत बसले होते.”

जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोकळ बढाया मारत नाही, हे सहा वर्षांत त्यांना कळलं होतं. त्या उठल्या आणि विजेच्या बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मध्येच कोणी बंद करू नये म्हणून. केंद्रात दोघींशिवाय कोणीही नव्हतं.

धाकटीने तीन बारीक वायरींनी बोर्ड लॅपटॉपला जोडला. सुरू होताना तो काय म्हणतो ते तिथे दिसतं. नवी आवृत्ती चढवली. बोर्डावरचे दिवे विझले. जाऊबाई बटणाला आणखी चिकटून उभ्या राहिल्या. धाकटी मात्र स्वतःचा डबा उघडून निवांत जेवायला बसली.

चौथ्या मिनिटाला पडद्यावर ओळी सरसर उतरू लागल्या. हिरवा दिवा लागला. धाकटीने सकाळचा एक रिपोर्ट पाठवला. डॉक्टरांचं लगेच उत्तर आलं, मिळाला. तिने हात पुसले आणि लिहिलं, ‘माझ्याकडे चालली.’ खाली नाव.

तिचं जेवण होईपर्यंत त्या नावाखाली अकरा नावं आली. कोणी शाळेतलं, कोणी धरणावरचं, कोणी मासेमारी बोटीवरचं. एकाने लिहिलं होतं, एकच बोर्ड आहे, म्हणून धीर होत नव्हता.

जाऊबाईंनी बटणावरचा हात आता कुठे काढला. “एवढे लोक होते? मग तीन आठवडे काय करत होते?”

“माझी वाट बघत होते,” धाकटी म्हणाली.